‘तूच समजून घे’ : संवेदनशील माणसानं आत्मकेंद्री नात्यातून सावरताना

मराठीत ‘समजून घेणं’ याचे दोन अर्थ होतात. गणित समजून घेतलं, म्हणजे ते कळलं. आणि कुणी तमाशा केल्यावर ‘तो तसाच आहे, तूच समजून घे’ असं सांगितलं जातं, तेव्हा अर्थ असा की चूक त्याची, पण पोटात तू घाल. ज्यांना पहिल्या अर्थानं माणसं चटकन समजतात, त्यांच्याच गळ्यात हा दुसरा अर्थ सहसा पडतो. समोरची व्यक्ती कमालीची आत्मकेंद्री असेल, तर तो गळ्यातून निघतच नाही.

अशा नात्यातून बाहेर पडलेली माणसं फिरून फिरून एकच गोष्ट सांगतात : ‘संपलं ते. पण डोक्यातून जात नाही.’ का जात नाही, संवेदनशील स्वभावाच्या माणसाला ते जास्त का चिकटतं आणि सावरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते इथे पाहू. नातं जोडीदाराचंच असेल असं नाही. आई, वडील, भाऊ, जिवलग मैत्रीण, वरिष्ठ, कुणीही असू शकतं. (‘व्यक्ती’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून पुढे ‘ती’ येत राहील. त्यावरून बाई समजू नये.)

आधी शब्दांचा घोळ

नार्सिसिझमला मराठीत आत्मप्रीती, आत्मरती असे शब्द आहेत. ‘स्वमग्नता’ मात्र म्हणू नये. तो शब्द ऑटिझमसाठी रुळलेला आहे आणि या दोन गोष्टींची गल्लत करणं ऑटिझम असलेल्या माणसांवर अन्याय करणारं आहे. ग्रीक कथेतला नार्सिसस पाण्यात दिसणाऱ्या स्वतःच्याच रूपावर भाळतो आणि तिथेच झुरून संपतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव मानसशास्त्रात आलं, १९१४ मध्ये फ्रॉइडनं त्यावर निबंध लिहिला आणि १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदान-पुस्तिकेत ‘नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार’ अशी त्याची नोंद केली. पुस्तिकेत नऊ लक्षणं दिलेली आहेत. आपण कुणीतरी थोर आहोत ही फुगवलेली कल्पना, कौतुकाची न भागणारी भूक, आपल्याला खास वागणूक मिळायलाच हवी हा हट्ट, दुसऱ्याला वापरून घेणं, दुसऱ्याच्या भावनांची दखल न घेणं, मत्सर, उर्मटपणा वगैरे. त्यातली किमान पाच लक्षणं तरुणपणापासून आणि आयुष्याच्या वेगवेगळ्या भागांत सातत्यानं दिसली, तरच निदान होतं. तेही तज्ज्ञ करतात.

हल्ली मात्र प्रत्येक खडूस साहेब आणि प्रत्येक जुना प्रियकर ‘नार्सिसिस्ट’ ठरतो. स्वार्थी, तापट, आढ्यताखोर माणसांची जगात कमतरता नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांना कसलाही विकार नसतो. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तुम्हाला झालेला त्रास खरा ठरायला समोरच्याच्या निदानाचा कागद लागत नाही. ‘नार्सिसिस्टिक अब्यूज’ हे कुठल्याही पुस्तिकेतलं निदान नाहीच. वागण्याच्या एका साच्याला लोकांनी दिलेलं ते नाव आहे. म्हणून ती व्यक्ती ‘आहे की नाही’ या वादात वर्ष घालवण्यापेक्षा तिचं वागणं काय होतं तेवढं बघावं.

साचा साधारण असा असतो. सुरुवातीला तुम्हाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं जातं. सतत निरोप, भरभरून कौतुक, ‘तुला आजवर कुणी ओळखलंच नाही’ अशी भाषा. मग हळूहळू टोमणे सुरू होतात. चारचौघांत पाणउतारा, आणि वर ‘तुला साधी गंमत कळत नाही’. मनासारखं झालं नाही की अबोला, आणि अबोल्याचं कारण तुम्हीच शोधून काढायचं. जाब विचारला तर ‘असं मी कधी म्हटलंच नाही’. घडलेलं न घडलेलं करण्याच्या या प्रकाराला गॅसलायटिंग म्हणतात. १९३८ मधल्या एका ब्रिटिश नाटकावरून हा शब्द आला. त्यातला नवरा बायकोला पद्धतशीरपणे वेडी ठरवत नेतो आणि गॅसच्या दिव्यांची मंदावणारी ज्योत ही त्यातली मुख्य खूण असते.

आणखी एक डाव ओळखून ठेवण्यासारखा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी १९९७ मध्ये त्याची मांडणी केली. आधी साफ नाकारायचं, मग तक्रार करणाऱ्यावरच तुटून पडायचं आणि शेवटी आपणच कसे बळी आहोत ते दाखवायचं. इंग्रजीत त्याला ‘डार्व्हो’ असं आद्याक्षरी नाव आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हटलं की मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. फ्रायड आणि सहकाऱ्यांना नंतरच्या अभ्यासात एक गोष्ट आढळली : जाब विचारताना ज्यांना या बोंबा जास्त ऐकाव्या लागल्या, त्यांनी स्वतःला दोषही जास्त दिला होता. बोलायला गेलात तक्रार घेऊन आणि परत आलात माफी मागून, असं वारंवार झालं असेल, तर त्यामागचं यंत्र हे आहे.

संवेदनशील म्हणजे रडूबाई नव्हे

‘हळवा’ म्हटलं की डोळ्यांत चटकन पाणी येणारा माणूस आपल्यापुढे उभा राहतो. मानसशास्त्रात ‘हायली सेन्सिटिव्ह पर्सन’ म्हणतात ते थोडं वेगळं. एलेन ऍरन यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये पती आर्थर ऍरन यांच्यासह २७ प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. मोठा आवाज, झगझगीत उजेड, एकाच वेळी अनेक कामं अंगावर येणं, दुसऱ्याच्या मनःस्थितीचा आपल्यावर होणारा परिणाम, असे प्रश्न त्यात आहेत. मूळ मुद्दा असा की काहींची मज्जासंस्था बाहेरून आलेली माहिती अधिक खोलवर चाळते. रडू येणं हा त्याचा फार तर एक परिणाम.

हा आजार नाही, निदानही नाही. उंचीसारखा तो कमी-अधिक असतो. २०१८ च्या एका अभ्यासात साधारण तीस टक्के लोक अधिक संवेदनशील, चाळीस टक्के मधले आणि उरलेले कमी संवेदनशील, असे गट दिसले. जुळ्यांच्या २०२० मधल्या अभ्यासात या फरकातला जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक निघाला. मेंदूचंही चित्रण झालंय. २०१४ च्या एका प्रयोगात अधिक संवेदनशील माणसांना जोडीदाराचे आणि अनोळखी लोकांचे आनंदी-दुःखी चेहरे दाखवले, तेव्हा जाणीव आणि सहानुभूतीशी जोडलेले मेंदूचे भाग जास्त चेतले. प्रयोगात माणसं होती अवघी अठरा, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत.

इथे एक भेद करायला हवा, कारण सावरण्याच्या वाटेवर तो सारखा कामी येतो. दारात किल्ली फिरल्याच्या आवाजावरून आज कुठल्या मूडमध्ये स्वारी आली आहे ते तुम्हाला कळत होतं. ‘ठीक आहे’ एवढ्या दोन शब्दांच्या निरोपापुढे पूर्णविराम दिसला की पोटात गोळा येत होता. ही संवेदनशीलता होती का? पुरती नाही. संवेदनशीलता बऱ्याच अंशी जन्मजात असते. ती संगीतालाही प्रतिसाद देते, मावळतीच्या उजेडालाही, मित्राच्या आवाजातल्या आनंदालाही. किल्लीच्या आवाजावर कान टवकारणं ही धोक्याच्या सहवासात शिकलेली पहारेदारी आहे. ती फक्त संकट शोधते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, ‘मी मुळातच असा आहे, माझं काही होणार नाही.’ होतं. पहारेदारी हळूहळू सैल होऊ शकते. उरतो तो तुमचा मूळ स्वभाव, आणि त्याच्याशी जमवून घेणं कितीतरी सोपं असतं.

चिकटतं का?

‘तू राईचा पर्वत करतोस’ हे वाक्य जाड कातडीच्या माणसाला सांगा, तो खांदे उडवून निघून जाईल. संवेदनशील माणूस प्रामाणिकपणे विचार करायला बसतो. खरंच करतो का मी पर्वत? मागच्या खेपेलाही असंच झालं होतं का? त्यात लहानपणापासून ‘फार मनाला लावून घेतोस’ हे ऐकलेलं असतं, म्हणजे आरोपाला साक्षीदार आधीच तयार. खोलवर चाळण्याची सवय इथे उलटते. समोरची व्यक्ती दोन मिनिटांत विसरलेलं भांडण तुम्ही रात्रभर दोन्ही बाजूंनी लढता. तिच्या बाजूनं तर तिच्यापेक्षाही चांगलं.

दुसरं कारण सहानुभूतीचं. त्या दांडगाईमागे कुठेतरी एक घाबरलेलं, दुर्लक्षित मूल आहे हे तुम्हाला दिसतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. मात्र जखम कशी झाली ते कळलं म्हणून ती बरी करायचं काम आपलं ठरत नाही. ‘माझ्याइतकं कुणी त्याला समजू शकणार नाही’ हा विचार मनात आला की जरा थांबावं. तो प्रेमाचा वाटतो, पण त्यातच कडी लागलेली असते.

तिसरं कारण सर्वांत चिवट आहे. वागणूक कायम वाईट असती तर सोडणं सोपं गेलं असतं. मधूनच गोडवा येतो. तीन आठवडे अबोला, मग एका संध्याकाळी जवळ बसून मनापासून मारलेल्या गप्पा. बी. एफ. स्किनर यांनी कबूतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा प्रत्येक वेळी मिळत असेल, तर तो बंद झाल्यावर पक्षी लवकर नाद सोडतो. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर मात्र तो चोच मारतच राहतो. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये हाच धागा माणसांच्या नात्यांत दाखवला. छळ आणि माया आलटून पालटून मिळत असेल आणि दोघांच्या ताकदीत मोठी तफावत असेल, तर छळणाऱ्याबद्दलच घट्ट ओढ तयार होते. इंग्रजीत त्याला ‘ट्रॉमा बॉन्डिंग’ म्हणतात. अमुक व्यक्तीची एवढी आठवण येते म्हणजे ते प्रेमच असणार, हा निष्कर्ष म्हणून घाईनं काढू नये. आठवण ओढीचा पुरावा आहे, नात्याच्या दर्जाचा नाही.

आता थोडं कडू. ‘मी संवेदनशील आणि ती नार्सिसिस्ट’ ही वाटणी ऐकायला फार बरी वाटते. पण आत्मकेंद्रीपणाचा एक लाजरा, दुखावलेला, सतत टीकेच्या धास्तीत असणारा प्रकारही असतो. २०२२ मध्ये जर्मन भाषेच्या प्रदेशातून आलेल्या एका अभ्यासात संवेदनशीलतेच्या मोजपट्टीवरचे गुण आणि या प्रकारचे गुण बऱ्याच अंशी बरोबर चालताना दिसले. दोन्ही एकच, असा याचा अर्थ नाही. पण ‘संवेदनशील’ ही पाटी लावली म्हणून आपलं प्रत्येक वागणं आपोआप निर्मळ ठरत नाही, एवढं यातून घ्यावं. आणि हे वाचून ‘म्हणजे नार्सिसिस्ट मीच की काय?’ अशी धडकी भरली असेल, तर तोही त्या नात्यानं लावलेला चाळा असू शकतो. प्रश्न वहीत टिपून ठेवा, समुपदेशकासमोर काढा, आज रात्री सोडवत बसू नका.

सावरणं : क्रम महत्त्वाचा

ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि शोक, मग जगाशी पुन्हा नातं. टप्पे एकमेकांत मिसळतात, माणूस मागेही जातो. पण पहिल्याला पहिलं का म्हटलंय ते संवेदनशील माणसानं विशेष लक्षात घ्यावं, कारण त्याची धाव थेट दुसऱ्याकडे असते. त्याला आधी सगळं समजून घ्यायचं असतं. झोप उडालेली, धमक्यांचे निरोप अजून येत आहेत, आणि हा बसलाय समोरच्याच्या बालपणाची उकल करत.

मारहाण, पाळत, धमक्या, पैशांची कोंडी यांतलं काही असेल, तर ‘मी चाललो’ अशी घोषणा करून निघू नये. नातं तुटण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. कागदपत्रं, थोडे पैसे, राहायची जागा, भरवशाचं एक माणूस, याची तयारी गुपचूप करावी, आणि शक्य असेल तर कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या संस्थेशी आधी बोलावं. असं वातावरण असताना दोघांनी मिळून समुपदेशनाला जाण्याचा सल्लाही सहसा दिला जात नाही. तिथे मोकळेपणानं बोललेलं घरी गेल्यावर अंगाशी येतं.

धोका नसेल तर पहिलं पाऊल संपर्क तोडण्याचं. पूर्ण तोडता आला तर उत्तम. स्किनरच्या कबूतरासारखंच इथेही आहे : महिन्यातून एकदा आलेला ‘कशी आहेस?’ सगळा नाद पुन्हा जिवंत करतो. पहिले काही आठवडे फार जड जातात, आणि जड जातायत म्हणजे निर्णय चुकला असं वाटतं. प्रेमभंग झालेल्या माणसांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचं चित्रण केलं गेलंय (२०१०). त्यात व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग चेतलेले दिसले. तलफ म्हटलं की तिच्याशी कसं वागायचं हे आपसूक सुचतं. तिच्याशी वाद घालायचा नसतो, ती ओसरेपर्यंत दुसरं काहीतरी करायचं असतं.

मुलं, नोकरी किंवा वृद्ध आई-वडील मध्ये असतील तर संपर्क पुरता तुटत नाही. तिथे ‘करडा दगड’ व्हावं असं सुचवलं जातं. म्हणजे कंटाळवाणं व्हायचं. कामापुरतं, थोडक्यात, लेखी. खुलासा नाही, समर्थन नाही. ‘शनिवारी पाच वाजता मुलाला घ्यायला येते.’ पूर्णविराम. टोमण्याला उत्तर नाही. युक्ती चांगली आहे, पण संवेदनशील माणसाला ती महाग पडते, हे कुणी सांगत नाही. चेहरा कोरा ठेवल्यानं आतली वेदना कमी होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो, हे जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. म्हणून दगड व्हायचं ते तेवढ्या दहा मिनिटांपुरतं. नंतर चालायला जा, मैत्रिणीला फोन करा, रडा. दिवसभर दगड राहिलात तर ज्यांच्यापुढे माणूस व्हायला हरकत नाही, त्यांच्यापुढेही दगडच राहाल.

शरीराचं थोडक्यात सांगतो. झोपेची वेळ पाळा, गोंगाट आणि मोबाइल-टीव्ही कमी करा, रोज थोडा वेळ एकट्यानं शांत घालवा. यात नवीन काही नाही. फक्त इतरांना हे जमलं तर बरं, आणि तुम्हाला औषधासारखं लागतं.

वही, आणि वहीची मर्यादा

गॅसलायटिंगचं खरं नुकसान हे की आपला स्वतःच्या स्मरणावरचा विश्वास उडतो. तो परत आणायला साधी वही पुरते. जुन्या घटना, जशा आठवतात तशा, कोरड्या शब्दांत लिहायच्या. ‘वाढदिवसाला सगळ्यांसमोर माझ्या पगारावर हसली. मी उठून गेले. रात्री म्हणाली, असं झालंच नाही. छातीत धडधडत होतं.’ बस. तिनं असं का केलं असेल, हे लिहायचं नाही. ‘का’ आला की चौकशी तिच्याबद्दलची सुरू झाली. ही वही दोन वेळा उपयोगी पडते : ‘एवढं काही वाईट नव्हतं’ असं वाटायला लागेल तेव्हा, आणि समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा. ती व्यक्ती अजून घरात असेल, तर वही तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

भावना मोकळ्या करायचं लिखाण वेगळं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिताना त्यांना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला तो माफकच, पण दिसला. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मुदतीची : पंधरा मिनिटं, चार दिवस. संवेदनशील माणूस लिहायला बसला की थांबत नाही, आणि मग लिखाण म्हणजे कागदावरचा रवंथ होतो. गजर लावा. रात्री झोपण्यापूर्वी लिहू नका. तेच वाक्य तिसऱ्यांदा उतरलं की वही मिटा.

रवंथाबद्दल अजून एक. इंटरनेटवर नार्सिसिझमबद्दल वाचण्याला अंत नाही. सुरुवातीला ते वाचन जीव वाचवतं. ‘अरे, हे तर माझंच,’ असा जो दिलासा मिळतो त्याला तोड नाही. पण सहा महिन्यांनीही तुम्ही रोज रात्री त्याच विषयाचे व्हिडिओ बघत असाल, तर तुमचं सगळं लक्ष अजूनही त्या व्यक्तीपाशीच आहे, फक्त आता तिच्या गैरहजेरीत. समजून घेण्याची ताकद तीच. तिचं तोंड वळवायचं आहे. मला भूक केव्हा लागते? कुणाच्या सोबत माझे खांदे सैल पडतात? कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळत नाही? अनेकांना सुरुवातीला यांची उत्तरंच येत नाहीत, इतकी वर्षं दुसऱ्याच्या हवामानाचा अंदाज बांधण्यात गेलेली असतात.

कणव ठेवा, दुखणं अंगावर घेऊ नका

‘तुझी सहानुभूती कमी कर’ हा सल्ला निरुपयोगी आहे. ती कमी होत नाही, आणि होऊ नये. पण दोन गोष्टींत फरक करता येतो. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत लोकांना दुसऱ्याचं दुःख स्वतः अनुभवायची सवय लावली, तेव्हा ते स्वतःच खचले. त्याच लोकांना नंतर करुणेचं, म्हणजे समोरच्याचं भलं चिंतण्याचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा त्यांना पुन्हा बरं वाटू लागलं. मराठीत हा फरक आयता आहे. एखाद्याची कणव येणं वेगळं आणि त्याचं दुखणं अंगावर घेणं वेगळं. ‘तिचं भलं होवो’ असं मनातल्या मनात म्हणून फोन न उचलणं, यात कसलीही विसंगती नाही.

क्षमेचं विचाराल तर ती ऐच्छिक आहे. आजूबाजूचे लोक मात्र तिला अंतिम परीक्षा समजतात, आणि सांगायला येतातच, ‘जाऊ दे, तूच समजून घे.’ अशा वेळी संवेदनशील माणूस लांबलचक खुलासा करतो, पुरावे मांडतो, आणि ‘तू बदललीस’ हे ऐकून परत येतो. ‘समजलंय मला, म्हणूनच दूर आहे,’ एवढं पुरे. राग आला तर येऊ द्यावा. वर्षानुवर्षं जो राग गिळला तो वर येतोय, याचा अर्थ आपल्याशी वाईट वागलेलं आपल्याला पुन्हा टोचू लागलंय. आणि शोक करावा लागतो तो दुहेरी : नात्याचा आणि सुरुवातीला भेटलेल्या त्या माणसाचाही, जो बहुधा तसा कधी नव्हताच.

मदत कुठली घ्यायची

भीती, दुःस्वप्नं, ‘मी कुचकामी आहे’ ही घट्ट झालेली भावना, माणसांजवळ जाताच येणारी घुसमट, हे महिनोन्महिने टिकलं तर ते केवळ ‘मन कातर झालंय’ म्हणून सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर ताण विकार’ स्वतंत्रपणे आला आहे. दीर्घकाळ, सुटका नसलेल्या छळानंतर तो होऊ शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. आघातकेंद्री वर्तन-बोधन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारा ईएमडीआर, या दोन्हींची शिफारस संघटनेनं २०१३ मध्ये आघातोत्तर ताणासाठी केली होती. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर, हेल्पलाइन किंवा जवळच्या माणसाला सांगा.

समुपदेशक निवडताना पहिल्या भेटीतच दोन गोष्टी बघाव्यात. तुम्ही सांगितलेलं ‘दोन्ही बाजू असतात’ म्हणून लगेच समान वाटून टाकतात का? आणि तुम्ही ‘आज एवढंच’ म्हणालात तर थांबतात का? संवेदनशील माणसाला उपचाराची मात्रा कमी आणि वेग सावकाश लागू शकतो. त्याच्या बदल्यात फळ मात्र जास्त मिळण्याची शक्यता असते. मायकल प्लूएस आणि इलोना बोनिवेल यांनी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या अकरा वर्षांच्या मुलींसाठीच्या एका शालेय कार्यक्रमाचे निष्कर्ष मांडले. मनाचा कणखरपणा वाढवण्याचा तो कार्यक्रम होता. वर्षभरानं बघितलं तर निराशेची लक्षणं अधिक संवेदनशील मुलींमध्येच कमी झाली होती. कमी संवेदनशील मुलींवर तोच कार्यक्रम जवळपास वाया गेला. वाईट वागणूक जी कातडी जास्त शोषते, ती चांगलीही जास्त शोषते. एक अभ्यास म्हणजे सगळं जग नव्हे, पण ‘मीच असा हळवा, माझं काय होणार’ म्हणणाऱ्यानं हा निकाल जवळ ठेवावा.

नवी माणसं

शेवटी भीती उरते ती हीच : पुन्हा तसंच कुणी भेटलं तर? याला चेहरे वाचण्याचं कौशल्य फारसं उपयोगी पडत नाही. पहिल्या वेळीही ते होतंच की. चेहरा वाचण्यापेक्षा एक छोटा नकार देऊन बघा. ‘आज भेटायला जमणार नाही.’ ‘हा विषय नको.’ नकार लहान हवा, खरा हवा, आणि त्यामागे मोठं कारण जोडायचं नाही. समोरचा त्या क्षणी ‘काही हरकत नाही’ म्हणेल, ते कुणीही म्हणतं. तिसऱ्या दिवशी बघा. बोलण्यात टोचणी येते का, अबोला सुरू होतो का, त्याचा हिशेब दुसऱ्याच कुठल्या गोष्टीत चुकता होतो का. की त्याच्या लक्षातही नसतं, आणि तो आपला रविवारी येतोस का म्हणून विचारतो.

सुरुवातीला अशी साधी माणसं अळणी वाटतात. ती रात्री दोनला कवितेसारखे निरोप पाठवत नाहीत, त्यांच्याकडून फोन आला नाही तर बहुतेक वेळा त्यांचा फोन चार्जिंगला असतो. ज्याला भरती-ओहोटीची सवय झाली आहे त्याला संथ पाण्यात काही घडतंय असं वाटतच नाही. तिथे दोन-चार महिने थांबून बघावं लागतं.